उसनं यकृत

बुंदीच्या कानांची आतली बाजू पिवळी दिसली, तेव्हा वृषालीताईंना आधी वाटलं, खिडकीतल्या उन्हामुळे तसं दिसत असेल. त्यांनी तिला उचलून स्वयंपाकघरात सावलीला नेलं. पिवळेपणा तसाच होता. ओठ वर करून पाहिला तर हिरड्याही पिवळ्या. एरवी उचललं की अंग आखडून निसटणारी बुंदी आज ओल्या टॉवेलसारखी हातावर लोंबत राहिली. तोंडातून लाळ गळत होती.

"काय झालं गं तुला?"

त्यांचं दिवसभरातलं बहुतेक बोलणं असंच, बुंदीशी व्हायचं. सांगलीत विश्रामबागेतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. लग्न फार पूर्वी मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. न्यायालयातल्या जबान्या आता यंत्र टिपून घ्यायचं, आणि यंत्राला न कळलेले शब्द घरी बसून दुरुस्त करायचं काम वृषालीताई करायच्या. दिवसभर कानाला हेडफोन, त्यात परक्या माणसांची भांडणं, रडणं, शपथा. हेडफोन काढला की घर एकदम गप्प व्हायचं. त्या गप्प घरात पिवळट अंगावर तपकिरी ठिपके असलेली ही मांजरी तेवढी हालतीबोलती होती.

बुंदीला खाली ठेवलं तर ती भिंतीपाशी गेली आणि भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली. मागं फिरेना, बसेना.  वृषालीताईंनी टोपली काढली, रिक्षा बोलावली आणि मिरजेचा प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉ. तबस्सुम जमादार वयानं लहान होत्या, पण त्यांचा हात शांत होता. रक्त तपासून झाल्यावर त्यांनी आडवळण न घेता सांगितलं, "यकृत बंद पडलंय. अचानक. उलटीत बियांची सालं सापडली, लालसर. घरी सायकसचं झाड आहे का? कुंडीत लावतात बघा, छोट्या ताडासारखं."

"माझ्याकडे तुळससुद्धा नाही."

"मग ही बाहेर कुठं जाते?"

"कुठं नाही. घरातच असते." असं म्हणताना वृषालीताईंना खात्री होती.

डॉक्टर पुढं बोलत राहिल्या. सायकसच्या बीमध्ये विष असतं. मांजरानं एखादी बी चावली तरी यकृताच्या पेशी भराभर मरतात. मग जे विषारी अमोनिया यकृतानं गाळून टाकायचं, ते मेंदूपर्यंत पोचतं. भिंतीला डोकं लावून उभं राहणं ही त्याचीच खूण.

"पण यकृताचं एक बरं असतं," त्या म्हणाल्या. "थोडा भाग जगला-वाचला असला तरी ते पुन्हा वाढतं. फक्त त्याला चार-पाच दिवस मिळायला हवेत. तेवढे दिवस तिचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी यकृतानं करायचं. आमच्याकडे सहवाह आहे."

सहवाहबद्दल वृषालीताईंनी ऐकलं होतं. ते आधी माणसांसाठी बनलं. मुलाचं यकृत बंद पडलं की बापाला शेजारच्या खाटेवर झोपवायचं, मधे यंत्र ठेवायचं. पुढं ते प्राण्यांच्या दवाखान्यांत आलं. डॉक्टरांनी यंत्राच्या पोटातला नळा काढून दाखवला. आत केसाहून बारीक, पोकळ तंतूंचा जुडगा होता.

"तंतूंच्या आतून मांजराचं रक्त वाहतं, बाहेरून माणसाचं. रक्त एकमेकांत मिसळत नाही, मिसळलं तर दोघांचाही जीव जाईल. तंतूंच्या भिंतीला फार सूक्ष्म छिद्रं आहेत. रक्तपेशी त्यातून जात नाहीत, पण विषाचे लहान रेणू पलीकडे निघून जातात. माणसाचं यकृत दीड किलोचं, मांजराचं शंभर ग्रॅमही नसतं. त्यामुळं माणसाला हे जादा काम जाणवतही नाही. थोडं मळमळतं, इतकंच."

वृषालीताईंनी बाही वर सरकवली. "कुठं झोपू?"

डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याखाली डोकावणारा शस्त्रक्रियेचा व्रण पाहिला होता. "तुम्ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेता ना?"

"झडप बदलली आहे. धातूची आहे. रोज घ्यावी लागते."

"मग तुम्ही चालणार नाही. छिद्रांना दिशा कळत नाही, ताई. तिचं विष जसं तुमच्याकडे येईल, तसं तुमचं औषध तिच्याकडे जाईल. ती गोळी मूळची उंदीर मारायच्या औषधातली. मांजराला आतल्या आत रक्तस्राव होईल."

"दोन-चार दिवस बंद करते."

"आणि झडपेत गुठळी झाली तर? मी ते करणार नाही." डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणीही निरोगी माणूस चालेल. औषधं न घेणारा. घरचं कुणी बोलवा. पण आजच्या आज."

वृषालीताई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी फोन हातात घेतला.

बंगळुरूचा भाऊ म्हणाला, "मांजरासाठी? वृषू, तुझी तब्येत बरी आहे ना?" शाळेतली मैत्रीण हळहळली, पण तिला मधुमेह होता, रोज तीन औषधं. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं त्या कचेरीतल्या माणसांचे आवाज ओळखीचे होते, चेहरे कधी पाहिले नव्हते. त्यांच्यापैकी एकालाही, माझ्या मांजराशेजारी चार दिवस नळी लावून पडाल का, असं विचारायचं धाडस होईना. त्या नावं सरकवत गेल्या. गॅसवाला, इस्त्रीवाला, हृदयाचे डॉक्टर, वारलेली मावशी. यादी संपली. आपल्याला कुणी नाही हे त्यांना माहीत होतं. पण ते असं एकेका नावावर बोट ठेवून कधी तपासलं नव्हतं.

शेवटी त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर बुंदीचा फोटो टाकून सगळं लिहिलं. जोडलेल्या हातांची चित्रं आली. कुणीतरी लिहिलं, देव बरं करो. मग बराच वेळ काही नाही. आणि मग तळमजल्यावरच्या सन्मती चौगुले सरांचा निरोप: "ही मांजरी तुमची? मी निघालोच."

चौगुले सर शाळेत चित्रकला शिकवायचे. पंचेचाळिशीचे, जिन्यात दिसले तर मान हलवून पुढं जाणारे. आईच्या मागं एकटेच राहायचे. एवढंच वृषालीताईंना ठाऊक होतं. सर धापा टाकत आले ते थेट बुंदीच्या पिंजऱ्याशी गेले.

"चिंगी," ते म्हणाले. "अगं, चिंगी!"

बेशुद्धीसारख्या पडलेल्या बुंदीचा कान हलला.

"हिचं नाव बुंदी आहे," वृषालीताई म्हणाल्या.

"हो का? मला वाटलं, हिला कुणीच नाही. रोज दुपारी माझ्या अंगणात येते. शाळा सकाळची असते ना माझी, बाराला घरी येतो. तर दारात वाट बघत बसलेली. दूधभात खाते, माझ्या कागदांवर झोपते. वर्ष झालं असेल."

रोज दुपारी. म्हणजे आपल्या कानाला हेडफोन असायचा तेव्हा. वाऱ्यासाठी जिन्याकडचं दार उघडं असायचं. 

डॉक्टर आल्या. औषधं? नाहीत. दारू, तंबाखू? जैन माणूस, डॉक्टर. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या अंगणात सायकस आहे?"

"आहे की. आईनं लावलेला. यंदा पहिल्यांदा बिया धरल्यात, लालभडक." आणि समोरच्या दोघींचे चेहरे पाहून ते थांबले. "का हो?"

डॉक्टरांनी सांगितलं.  सर चप्पल काढून खाटेवर जाऊन आडवे झाले आणि त्यांनी हात पुढं केला.

सहवाह सुरू झालं. एका खाटेवर सर, शेजारच्या उंच टेबलावर बुंदी, मधे घरघरणारं यंत्र. सरांना चहा बंद होता, कारण चहातलं उत्तेजक द्रव्य मांजराला सोसत नाही. चहाशिवाय त्यांचं डोकं ठणकायला लागलं, पण त्यांनी तक्रार केली नाही. तोंडाला सारखी माशाच्या वासासारखी चव येते, एवढं मात्र एकदा कसनुसं हसून म्हणाले. वृषालीताई घरून मुगाची खिचडी आणायच्या, कांदा-लसूण न घालता, दिवस मावळायच्या आत. स्टुलावर बसायच्या. सर चित्रांबद्दल काही बोलायचे, त्या हं म्हणायच्या. उपकाराखाली दबलेलं मन आणि आतून जळणारं मन, दोन्ही घेऊन त्या तिथं बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुंदीनं डोळे उघडले. वृषालीताई धावत टेबलाशी गेल्या. "बुंदी! बुंदू!" बुंदीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मग नळीला अडखळत ती पुढचा पाय लांब करू लागली, सरांच्या बोटांकडे.

"चिंगे, ओळखलंस व्हय?" सरांनी बोटं पुढं केली.

"बुंदी म्हणा," वृषालीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "चार वर्षं मी सांभाळलंय तिला. आणि ती इथं पडली आहे ती तुमच्या झाडामुळे. निदान एवढं तरी विसरू नका."

सरांनी हात मागं घेतला आणि छताकडे पाहत पडून राहिले.

थोड्या वेळानं यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागलं. डॉक्टर धावत आल्या. बुंदीचे पाय ताठ होत होते. पडद्यावरच्या रेषा पाहून डॉक्टर म्हणाल्या, "अमोनिया पुन्हा चढलंय. साखरही." मग दुसरी रेघ पाहिली. "सर, हे तुमच्याकडून येतंय. काय झालं इथं?"

"काही नाही," सर म्हणाले.

"काही नाही कसं? माणूस घाबरला, खचला की शरीर कॉर्टिसॉल सोडतं. त्याचा रेणू लहान असतो, तंतूंच्या छिद्रांतून आरामात जातो. तुमच्या अंगाला त्याचं काही वाटणार नाही. पण एवढ्याशा जिवात तेवढंच उतरलं की तिचे स्नायू झिजायला लागतात, त्यातून आणखी अमोनिया तयार होतं. तुम्हाला झोपेचं औषधही देता येत नाही, तेही तिच्यात जाईल. कसंही करून मन शांत ठेवा."

त्या बुंदीला सलाइन लावायला वळल्या. वृषालीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी बोललेला शब्द सरांच्या कानातून रक्तात आणि नळीतून बुंदीत गेला होता. बुंदीच्या ताठरलेल्या पायांत त्यांचाच राग होता.

त्या स्टूल ओढून सरांपाशी बसल्या. "माझं चुकलं. मनाला लावून घेऊ नका."

"छे छे, तुमचं बरोबर आहे," सर म्हणाले. पडद्यावरची रेघ हलली नाही. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. तोंडदेखलं बोलणं त्या रेघेला कळत होतं.

 मग वृषालीताईंनी विचारलं, "आई कशा होत्या तुमच्या?"

 सर हळूहळू बोलू लागले. "मुंगी पायाखाली आली तरी त्या दिवशी पाणी घ्यायची नाही आई. तिचं झाड ते. ती गेल्यावर मी त्याला पाणी घालत राहिलो. घरात पाण्याची वाट बघणारं तेवढंच होतं. चिंगी... बुंदी त्या बिया पंज्यानं ढकलत होती, चेंडूसारख्या. मला गंमत वाटली. मी तिचं चित्र काढत बसलो, ताई. ती चावत होती आणि मी रेघा ओढत होतो."

"तुम्हाला काय माहीत? मला तरी कुठं माहीत होतं?" वृषालीताई म्हणाल्या. "मला तर ती खाली येते हेच माहीत नव्हतं. मी तिची कोण म्हणून भांडत होते?"

हे बोलताना मात्र त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांनी चादरीवरून सरांच्या हातावर हात ठेवला. कुणाचा हात धरून किती वर्षं झाली होती कोण जाणे. तो हात गार होता.

मग त्यांनी सांगितलं. झडप बदलून त्या दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा छातीत घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. अंथरुणावर पडलं की तेवढाच आवाज. वेड लागेल असं वाटायचं. त्याच आठवड्यात गॅलरीत बोक्यानं जखमी केलेलं एक पिल्लू सापडलं. त्याला कुशीत घेतलं तर ते छातीवर चढलं, टिकटिकीवर कान ठेवून झोपलं आणि घुरघुरायला लागलं. टिकटिक त्या घुरघुरीत बुडून गेली. तेव्हा कुठं त्यांना झोप लागली.

सर ऐकत होते. आणखी सांगा, म्हणाले. वृषालीताई सांगत राहिल्या. बुंदीचं पडद्यावर चढणं, पापडाचा आवाज आला की येणं, पालीशी तिचं जुनं वैर. सांगता सांगता ऊन खिडकीतून उतरून गेलं. सरांचा डोळा लागला. डॉक्टर दारातून पडदा पाहून गेल्या आणि त्यांनी नुसती मान डोलावली. रेघ खाली आली होती.

पाचव्या दिवशी नळ्या निघाल्या. बुंदीचं यकृत स्वतःचं काम करू लागलं होतं. वृषालीताईंनी टोपलीत नवी चादर घातली आणि तिला घरी आणलं.

टोपली उघडल्यावर बुंदी बाहेर आली, जमिनीचा वास घेतला आणि सरळ कपाटाखाली शिरली. तिच्या उशीपाशी नेलं तर उशीवर फिस्कारली. वृषालीताईंनी हात पुढं केला, तर त्यांच्यावरही. समोर ठेवलेलं खाणं संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही.

"हे मी सांगायला हवं होतं," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "मांजर आपलं कोण ते वासावरून ठरवतं. वासाचे रेणूही लहानच असतात. इतके दिवस ते सरांच्या रक्तातून तिच्यात गेले, आता तिच्या कातडीतून बाहेर पडताहेत. तिच्या लेखी तिचा स्वतःचा वास म्हणजे सरांचा वास. तुम्ही तिला परक्या वाटता. घरही."

"हे जातं का?"

"काही महिन्यांत वास जातो. ओळख परत येते की नाही, ते सांगता येत नाही. पण ताई, तिला उपाशी राहून चालणार नाही. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते. आत्ताच सावरलंय ते."

वृषालीताईंनी फोन ठेवला. कपाटाखालून दोन डोळे त्यांच्याकडे पाहत होते. त्या जमिनीवर आडव्या झाल्या, छाती कपाटाच्या बाजूला करून. टिकटिक ऐकू येईल एवढ्या जवळ. बुंदी आणखी मागं सरकली.

त्या उठल्या, टोपली घेतली आणि तळमजल्यावर गेल्या.

सरांच्या अंगणात सायकसची कुंडी नव्हती. फरशीवर तिच्या बुडाचं गोल ओलं वर्तुळ तेवढं होतं. "कॉलेजच्या वनस्पती विभागाला दिली," सर म्हणाले. "जाळी आहे तिथं." टोपली उघडताच बुंदी त्यांच्या पायांत घोटाळू लागली. वृषालीताईंनी मांजरांसाठीच्या मासळीच्या खाण्याचा डबा अंगणाच्या कट्ट्यावर उघडला. सर तोंड फिरवून बसले, पण जवळ बसले, म्हणून ती जेवली. बशी चाटून पुसून जेवली.

तसंच ठरून गेलं. सर मासे हाताळत नसत, म्हणून सकाळ-संध्याकाळ वृषालीताई खाली यायच्या, डबा उघडायच्या, बशी धुवायच्या. बुंदी त्यांना चावत नसे, पण जवळही येत नसे. दोघं थोडं बोलायचे. वृषालीताईंना त्या दोन वेळांची सवय झाली. त्या केस विंचरून खाली जाऊ लागल्या.

मग एका सकाळी त्या गेल्या तर बुंदी जेवत होती. कट्ट्यावर डबा उघडलेला, त्यात लाकडी चमचा.

"रोज तुम्हाला तीन मजले चढ-उतार, त्यात तुमचं हृदय असं," सर ओशाळून म्हणाले. "म्हटलं, किती दिवस आपण तोंड फिरवायचं? आई असती तर तिनंही केलं असतं. नाक दाबून केलं असतं." आणि ते हसले.

"बरं केलंत," वृषालीताई म्हणाल्या. बुंदीसाठी या माणसानं काय ओलांडलं होतं ते त्यांना कळत होतं. "बरंच केलंत." आणि त्या वर आल्या. दुसऱ्या दिवसापासून खाली जायला काही कारण उरलं नाही. सर या म्हणायचे. त्या येते म्हणायच्या. कामही खूप होतं.

हिवाळा सरत आला. एका सकाळी उशिरा हेडफोन काढून त्या पाणी प्यायला उठल्या, तर उघड्या दारात बुंदी बसली होती. अंगावर पुन्हा तुकतुकी आली होती. वृषालीताई होत्या तिथंच थांबल्या. बुंदी आत आली. पाहुणी यावी तशी सावकाश सगळ्या घरातून फिरली, कपाट, पडदा, पलंगाचा पाय, एकेकाचा वास घेत. मग त्यांच्या पायाशी आली आणि पावलाचा वास घेऊन तिनं घोट्याला गाल घासला.

वृषालीताईंनी श्वास रोखून दार लोटलं आणि कडी घातली. जुनी बशी काढली, दही-भात कालवला. बुंदी खाली मान घालून जेवू लागली. सगळं जेवली. म्हणजे आता डॉक्टरांचंही काही म्हणणं राहिलं नव्हतं. ती त्यांच्या हातचं खात होती. ती त्यांना ओळखत होती.

तोंड पुसून बुंदी पलंगावर आली, त्यांच्या मांडीशेजारी टेकली आणि थोडं घुरघुरली. बाहेर कुठल्याशा शाळेतून मुलं परतत होती. बारा वाजून गेले असावेत. बुंदीनं डोकं वर केलं. उतरून दाराशी गेली. दाराकडे तोंड करून बसली आणि मग मागं वळून वृषालीताईंकडे पाहिलं. ओरडली नाही, नखं मारली नाहीत. नुसती बसून राहिली.

वृषालीताई पलंगावरून हलल्या नाहीत. थोडा वेळ थांबली तर झोपेल, त्यांना वाटलं. उद्या विसरेल. मांजरं विसरतात. खाली सर कुलूप काढत असतील, अंगणात उभे राहून इकडेतिकडे पाहत असतील.

बुंदी पुन्हा वळून दाराच्या फटीचा वास घेऊ लागली.

वृषालीताई उठल्या आणि त्यांनी कडी काढली. बुंदी पायरीवर थांबली, आळस दिला आणि घाई न करता जिना उतरू लागली. त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. वळणावर तिची शेपटी दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. खाली कुठंतरी दार करकरलं.

"आलीस?" सरांचा आवाज आला. "आज उशीर केलास गं."

मग दार लागलं. वृषालीताई आणखी थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. जिन्यात आता काहीच ऐकू येत नव्हतं. त्या आत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही.